इंजिनामागची ओल

३ फेब्रुवारी

भाऊजी,

नमस्कार. धाकटीला आशीर्वाद. पत्राला कारण गाडी आहे, हे आधीच सांगते, म्हणजे पाकीट बघून तुम्ही दोघं धास्तावायला नको.

हे गेले तेव्हापासून गाडी शेडमध्ये झाकून उभी होती. मध्यंतरी मी चालवायला शिकले. हो, या वयात. शिकवणारे गृहस्थ दाराचं हँडल दोन्ही हातांनी धरून बसायचे, पण लायसन मिळालं. माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. अंथरुणाला खिळलेल्यांचे हातपाय पुन्हा हलते करायचे, तेही त्यांच्या घरी जाऊन. खाणीपलीकडच्या वस्तीत बस जात नाही. हे होते तोवर हेच सोडायचे. तिथे एक घड्याळजी आहेत, पक्षाघाताच्या झटक्याने त्यांचा उजवा हात गेलाय. आता कुठे अंगठा हलायला लागलाय. माझ्या फेऱ्या थांबल्या तर कमावलेलं सगळं पाण्यात.

तर गेल्या महिन्यात गाडी बाहेर काढली आणि शेडच्या फरशीवर तेलाचं थारोळं दिसलं. नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला सगळे बोल्ट म्हणतात. तो गाडीखाली शिरला, बाहेर आला, मला चहा पाजला आणि म्हणाला की क्रँकचं मागचं सील, म्हणजे तेल अडवणारी कडी, गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल, कदाचित इंजिनही. एवढ्या जुन्या गाडीवर तो खर्च करू नका. त्याच्या ओळखीचा एक जण सुट्या भागांसाठी गाड्या घेतो. माणूस लबाड नाही. चहा पाजून वाईट बातमी सांगणारा लबाड नसतो, असं मला वाटतं.

माझ्या थोरल्या मुलाला कळवलं, तर तो म्हणतो विकून टाक. तुमची उभी हयात इंजिनांत गेली. तुम्ही म्हणाल तसं करीन. सोबत फोटो आहे, खालून काढलाय. काढताना पाठ धरली.

तुमची वहिनी

११ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार. अक्षर हिचं आहे, मजकूर माझा. माझे हात सदा तेलकट, कागद खराब होतो.

विकायची घाई करू नका. बोल्टचं चुकलं असं मी म्हणत नाही. गिअरबॉक्स आणि इंजिनाच्या सांध्यातून थेंब पडत असेल, तर शंभरातले नव्वद जण मागचं सीलच म्हणतील. पण तेल वरून खाली येतं, आणि गाडी चालताना वारा त्याला मागे ढकलतो. म्हणून थेंब पडतो तिथून तेल निघालेलं असतंच असं नाही. ते कुठून निघालं हे शोधायचं असेल, तर ओल सर्वांत वर आणि सर्वांत पुढे कुठे आहे ते बघायचं. आत्ता तुमचं इंजिन सगळीकडून माखलेलं असणार. त्यात काही कळायचं नाही.

रॉकेल आणि जुना ब्रश घ्या. इंजिन थंड असताना पुढून, मागून, बाजूंनी धुऊन काढा. वायरी भिजवू नका. बॉनेट उघडं ठेवून दिवसभर वाळू द्या. मग अंगाला लावायची साधी पावडर त्यावर भुरभुरवा, जिथे पोचेल तिथे. गाडी गरम होईपर्यंत फिरवून आणा, आणि आरसा नि बॅटरी घेऊन बघा. पावडर जिथे ओली झाली असेल तिथून बोट लावत वर वर जा.

आणि मला शब्दांत लिहा. कशाच्या शेजारी, कशाच्या खाली, हाताला कसं लागतं, वास कसला येतो. तेल नवं आहे का जळकं, पातळ आहे का चिकट. जितकं जास्त लिहाल तितकं चांगलं.

तुमचा
भाऊजी

२० फेब्रुवारी

भाऊजी,

फोटोबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. पाठ धरली ती फुकट म्हणायची. असो, शब्दांत तर शब्दांत.

धुणं झालं. इंजिनाला रंग आहे हे मला पहिल्यांदाच कळलं. मळकट हिरवा, शाळेच्या बाकांना असतो तसा. पावडर मात्र मी अंमळ जास्त घातली. इंजिन सुरू करून पुढे उभी राहिले, तर पंख्याने त्यातली अर्धी माझ्या तोंडावर परत केली. शेजारीण कुंपणावरून विचारत होती की आज कुठे नाटकात काम आहे का.

खाणीपर्यंत जाऊन आले. घड्याळजींनी आज तर्जनी टेकवली, हे जाता जाता सांगते. परत आल्यावर पर्समधला आरसा पट्टीला बांधला आणि इंजिनाच्या मागे घातला. खालच्या सांध्याला थेंब लोंबतच होता. तिथून बोट वर नेत गेले. दोन बोटांएवढी एक पट्टी ओली होती, तिच्या दोन्ही बाजूंना पावडर कोरडी. ही पट्टी थेट वरपर्यंत जाते. इंजिनाच्या डोक्यावर जो लांबट पत्र्याचा डबा पालथा घातल्यासारखा आहे, त्याच्या मागच्या काठाखाली ती संपते. म्हणजे तिथे सुरू होते. त्या काठाशी पावडरचा लगदा झालाय. डोकं घालून बघायला जागाच नाही, मागे लगेच पत्र्याची भिंत आहे. तेल गरम, पातळ, बोटाला गुळगुळीत. वास जळका नाही, पण खालच्या पाइपावर एखादा थेंब पडला की करपतो.

हे लिहिताना लक्षात आलं की मी उत्तरापेक्षा जास्त त्या पट्टीचाच विचार करतेय. काल भात उतरवायला विसरले.

वहिनी

२८ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र हिच्याकडून तीनदा वाचून घेतलं. उत्तम. आमच्या वर्कशॉपात इतकं नीट सांगणारा एक जण असता, तर माझं निम्मं आयुष्य वाचलं असतं.

मागचं सील शाबूत आहे. तुम्ही लिहिलेला पालथा डबा म्हणजे टॅपेट कव्हर. त्याच्या आणि इंजिनाच्या मध्ये एक पॅकिंग असतं, कडेकडेने फिरणारी जाड पट्टी. तेल आतल्या आत राहावं म्हणून. ते मागच्या बाजूला दगा देतंय. तेल इंजिनाच्या पाठीवरून उतरतं आणि सांध्याशी येऊन सीलच्या नावाने बोंब होते. गिअरबॉक्स उतरवायची काही गरज नाही. पॅकिंग स्वस्त असतं आणि काम अर्ध्या दिवसाचं.

बोल्टकडूनच करून घ्या, पण तुम्ही शेजारी उभ्या राहा. जुन्या पॅकिंगचा कण न् कण खरवडून काढायला सांगा. नट आवळताना समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, एका बाजूने घट्ट करत जायचं नाही. आणि मनगटानेच आवळायचं, खांदा लावायचा नाही. पत्रा वाकला की पॅकिंग नवं असूनही उपयोग नाही.

भाऊजी

१४ मार्च

भाऊजी,

फार वाईट वाटतंय, म्हणून थोडक्यात लिहिते.

तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. बोल्टने मन लावून काम केलं, तुमचं पत्र त्याने स्वतः वाचायला मागितलं आणि मनगटावरचा भाग वाचून हसला. नवं पॅकिंग बसलं. काही फेऱ्या फरशी कोरडी होती. मी घड्याळजींना सांगूनही टाकलं की आता गाडीची चिंता नाही. परवा खाणीचा चढ चढले, घरी आले, आणि परत तेल. त्याच काठातून, पहिल्यापेक्षा जास्त.

बोल्ट म्हणाला, इंजिनच म्हातारं झालंय, एक भोक बुजवलं की दुसरीकडून येईल. तो माझी समजूत घालत होता. गाडी घेणारा येत्या रविवारी बघायला येणार आहे. त्याला हो म्हणून सांगितलंय. खाणीपलीकडच्या माणसांसाठी दुसरी कोणी बाई मिळते का ते बघते.

पुन्हा चार फोटो काढून पाठवतेय, या वेळी वरून, चांगल्या उजेडात. निदान एकदा डोळे भरून बघा आणि सांगा की माझं कुठे चुकलं. मागच्या वेळी बघितला नाहीत याचं मनात राहिलं आहे.

वहिनी

१८ मार्च

ताई,

हे पत्र माझं आहे, यांना न सांगता लिहितेय. रविवारच्या आत तुमच्या हाती पडावं म्हणून स्टँडवर जाऊन तुमच्याकडे येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय.

तुमचे फोटो यांनी बघितले नाहीत, कारण यांना दिसत नाही. उजेड आणि अंधार कळतो, तेवढंच. डोळ्यांच्या मागची नस सुकत गेली, त्याला इलाज नाही म्हणतात. दादा गेले तेव्हा आम्ही आलो होतो, आठवतं ना, हे माझा हात धरून चालत होते. सगळ्यांना वाटलं दुःखाने. दुःख होतंच, पण पायऱ्याही दिसत नव्हत्या. तुमच्यावर आभाळ कोसळलेलं, त्यात आपलं रडगाणं नको म्हणून यांनी मला शपथ घातली. मग ते तसंच राहिलं.

वर्कशॉप तेव्हापासून बंद. म्हणजे वर्कशॉप चालू आहे, यांचं जाणं बंद. भागीदार दर आठवड्याला येऊन बोलावतात. हे म्हणतात, जागा अडवायला येऊ का. दिवसभर खिडकीशी बसून असायचे. रेडिओही नको असायचा.

तुमचं पहिलं पत्र मी वाचून दाखवलं, तेव्हा फोटोचं वाक्य आल्यावर यांनी फोटो हातात घेऊन बोटांनी चाचपला. मग म्हणाले, कागद घे. पावडरवालं पत्र आलं त्या दिवशी यांनी भागीदाराकडून तुमच्याच गाडीच्या जातीचं जुनं टॅपेट कव्हर मागवून घेतलं. ते आमच्या जेवणाच्या टेबलावर आहे. मी तुमचं पत्र वाचते आणि हे त्यावरून बोटं फिरवत म्हणतात, थांब, परत वाच, मागचा काठ म्हणजे इथे. ताई, किती महिन्यांनी यांना कशाची तरी उत्सुकता वाटलेली मी बघितली.

तुमचं परवाचं पत्र मी अर्धंच वाचून दाखवलं. गाडी विकायचं सांगितलं नाही, फोटोंचंही नाही. तेल परत आलं एवढंच सांगितलं. तेव्हापासून एकच विचारताहेत, ते पॅकिंग हातात मिळेल का.

जमलं तर विकू नका. जमलं नाही तर माझा राग नाही.

धाकटी

२५ मार्च

भाऊजी,

गाडी विकायचं मनात आलं होतं, ते राहिलं. घेणारा आला होता, त्याला पाणी देऊन परत पाठवलं. बोल्ट दोन दिवस माझ्याशी जपून बोलत होता.

या पाकिटात दोन्ही पॅकिंग घातलीत. एक जुनं, तुकडे झालेलं, एक नवं, काल बोल्टने पुन्हा उतरवलेलं. त्याच्या जागी तात्पुरतं दुसरं बसवलंय. मागचा काठ कुठला ते कळावं म्हणून तिथे दोरा बांधलाय, नव्याला एक गाठ आणि जुन्याला दोन.

उघडल्यावर आत काय दिसलं ते सांगते. तेल मधासारखं, स्वच्छ. एका दांड्यावर ओळीने छोटे हात बसवलेत, शाळेत हजेरीला वर करतात तसे, काही वर, काही खाली. सगळं चकचकीत. आतल्या भिंतींना काजळी नाही, बोट फिरवलं तर रेशमासारखं लागतं. फक्त कव्हरच्या आतून, वरच्या टोकाशी, थोडा पिवळट साय धरल्यासारखा थर आहे. चवीला बघितला नाही, पण वास दमट आहे, बंद कपाटाचा. बोल्ट म्हणाला हे काही विशेष नाही. मला राहवलं नाही, म्हणून लिहिलं.

तुम्हाला आणखी काय हवं ते विचारा. चाचपून, हुंगून, ऐकून सांगते.

वहिनी

२ एप्रिल

वहिनी,

पाकीट उघडलं आणि दुपारचं जेवण राहिलं.

जुनं पॅकिंग कडक होऊन मोडलंय, ते जायचंच होतं. पण नवं बघा. दोरा बांधलाय तिथे, मागच्या काठाच्या मध्यावर, त्याला बाहेरच्या बाजूने पोट आलंय. आतली कड ताणली गेलीय, बाहेरची फुगलीय. फार नाही, नखाएवढं. डोळ्याला कदाचित दिसणारही नाही. मग जुन्याचे तुकडे टेबलावर जुळवले. तेही तिथेच, तसंच बाहेर वाकलेलं. म्हणजे पॅकिंग आपण होऊन गळत नाहीये. आतून त्याला कोणीतरी ढकलतंय.

इंजिनाच्या पोटात थोडी हवा कोंडतेच. ती बाहेर जायला एक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. नळी मोकळी असली की दाब साठत नाही. तुम्ही लिहिलेली ती पिवळट साय म्हणजे आतला दमटपणा बाहेर जात नाहीये. बरं झालं तुम्हाला राहवलं नाही.

एक करा. इंजिन चालू असताना तेल ओतायचं झाकण काढा आणि त्यावर तळवा धरा. काय वाटतं ते बघा. धूर निळा येतो का तेही. निळा येत असेल, तर पिस्टनवरच्या रिंगा झिजल्या आणि बोल्ट म्हणतो ते खरं. मग मी हट्ट करणार नाही. नसेल, तर कव्हरच्या बाजूने निघून खाली जाणारी अंगठ्याएवढी नळी शोधा आणि तिच्या खालच्या तोंडातून तार घाला.

पत्र लवकर पाठवा.

भाऊजी

९ एप्रिल

भाऊजी,

धूर नाही. निळा नाही, काळा नाही, काहीच नाही.

झाकण काढून तळवा धरला. आधी वाटलं, हातच उडतो की काय. कोणीतरी आतून दम धरून बसलेलं असावं आणि एकदम सोडावा, तशी गरम फुंकर, थांबत थांबत, भस भस. बोल्टलाही धरायला लावलं. त्याने हात काढला, पुसला, परत धरला. म्हणाला, हे मी आधी बघायला हवं होतं. मी म्हटलं, आता तरी नळी कुठे आहे ते बघ.

नळी खाली गिअरबॉक्सच्या अलीकडे उघडते. बोल्टने तार घातली, ती बोटभर जाऊन अडली. टोचलं तर माती पडली. कोरडी, तांबूस माती, गाडीच्या पोटात. बोल्टने आणखी टोचलं, आणखी पडली. शेवटी नळी काढून टेबलावर ठोकली, तर आतून एक घट्ट मातीचं ढेकूळ निघालं. त्याला नीट आकार होता, एकाला एक चिकटलेल्या छोट्या खोल्या, आणि एका खोलीत सुकलेले कोळी. कुंभारीण माशीचं घर. ती बारीक कमरेची माशी चिखलाच्या गोळ्या आणून घर बांधते ना, ती. गाडी शेडमध्ये उभी होती तेव्हा तिला नळीचं तोंड सापडलं. तिने त्यात संसार थाटला आणि वर मी इंजिन सुरू केलं.

बोल्ट इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. ते ढेकूळ त्याने गॅरेजच्या फळीवर ठेवलंय, येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो आणि प्रत्येक वेळी थोडं जास्त रंगवून सांगतो.

परत एक नवं पॅकिंग बसवलं. झाकणावर तळवा धरला, तर आता नुसती ऊब लागते. खाणीचा चढ चारदा चढून झाला. फरशी कोरडी.

वहिनी

१५ एप्रिल

वहिनी,

हिने माती वाचली तेव्हा मी तिला थांबवलं आणि म्हटलं, पुढचं मला सांगू दे. आणि मला सांगता आलं नाही. एवढ्या वर्षांत उंदीर बघितला, चिंध्या बघितल्या, एकदा चमचा. माशीचं घर कधीच नाही.

आता एक काम उरलं. कव्हर इतक्यांदा उघडलंय, तर टॅपेट तपासायला हवेत. ते छोटे हात तुम्ही लिहिलेत ना, त्यांच्या टोकाखाली केसाएवढी फट असावी लागते. कमी असली तर जळतं, जास्त असली तर वाजतं. हे काम बोल्टला देऊ नका. माझा त्याच्यावर राग नाही, पण हे मला करायचंय. इंजिन थंड लागेल, तेव्हा मुक्कामाला या.

एक गोष्ट समोर बसून सांगायची आहे. गाडीची नाही.

भाऊजी

६ मे

भाऊजी,

काल सुखरूप पोचले. एवढा रस्ता एकटीने चालवला. दोनदा थांबले, एकदा चहाला आणि एकदा नुसतंच, वळणावरून खाली बघायला.

तुमच्या अंगणात त्या सकाळी जे झालं त्याला तुम्ही होतात. पण तुम्हाला न दिसलेलं काही मला दिसलं, ते लिहायचं राहून गेलं तर मला चैन पडणार नाही.

तुम्ही आधी मडगार्डवरून हात फिरवलात आणि म्हणालात, हा पोचा दादाचा नाही. मी म्हटलं, नाही, माझा आहे. मग कव्हर उतरवलंत. मापाच्या पात्यांतून हवं ते पातं अंगठ्याने वेगळं केलंत. धाकटीने त्यावरचा आकडा वाचला, तो बरोबर होता, तेव्हा ती माझ्याकडे बघून हसली. पातं फटीत सरकवून, ओढून, नट जरासा फिरवून पुन्हा ओढत होतात. त्या दांड्यावरच्या पहिल्या छोट्या हातापाशीच, मान वर न करता म्हणालात,

"वहिनी, मला दिसत नाही."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"मार्चपासून."

तुम्ही पातं फटीतून ओढून घेतलंत. मला वाटलं, आता रागावाल. तर म्हणालात, "तरीच. मार्चनंतरची पत्रं फार चांगली होती." आणि दुसऱ्या छोट्या हाताकडे वळलात. तुमचा चेहरा तुम्हाला माहीत नसणार, म्हणून सांगते. ह्यांच्यासारखा दिसत होता, ह्यांना कोडं सुटलं की दिसायचा तसा.

तेव्हाच फाटकात तुमचे भागीदार येऊन उभे होते. आवाज न करता. तुम्ही शेवटच्या टॅपेटपर्यंत पोचेतो ते हलले नाहीत. मी बघितलं, तर तोंडावर बोट ठेवून त्यांनी गप्प राहायची खूण केली. रुमाल काढला, डोळे पुसले, परत मागे दहा पावलं गेले आणि मग मुद्दाम चपला फरफटत, खोकत आले. आल्या आल्या म्हणाले की वर्कशॉपात एक ट्रक दोन दिवस वाजतोय, कोणाला सापडत नाही. तुम्ही विचारलंत, गरम झाल्यावर वाजतो का थंड असताना. ते म्हणाले, ते तू येऊन ऐक. तुम्ही हात पुसलेत आणि चालू लागलात, काठी घरातच राहिली. धाकटी ती घेऊन मागून धावली, ते तुम्हाला ऐकू आलंच असेल.

धाकटीने काल निघताना सांगितलं की सोमवारपासून रोज जाणार आहात. ट्रकचं काय निघालं ते कळवा.

आज सकाळी सवयीने शेडमध्ये वाकले. फरशी कोरडी. करण्यासारखं काही नव्हतं, तरी बॉनेट उघडलं. डाव्या बाजूला एक गोल काळा डबा आहे, मुठीएवढा. त्याच्या डोक्यातून जाड वायरी निघून इंजिनात जातात, मधली एक वेगळीच. हात लावला तर गार, गुळगुळीत, आणि दोन बाजूंना चिमट्यासारख्या पट्ट्या. इंजिन चालू असताना कान जवळ नेला, तर आतून टिकटिक ऐकू येते, घड्याळापेक्षा खूप घाईची.

तिथे काहीही बिघडलेलं नाही. पण आत काय चाललंय?

वहिनी